दार उघडं ठेवणाऱ्यांच्या गावी

शनिवार, लंडन

मुलीकडे लंडनला जायचं ठरलं तेव्हाच तिला फोनवर सांगून ठेवलं होतं, की मेणाचे पुतळे आणि मोठा पाळणा तू मला दाखवू नकोस. मला इथल्या संसदेच्या भिंतीवरच्या ढाली बघायच्यात आणि नंतर दोन लहान गावं. "बाबा, लोक इकडे फिरायला येतात, तुम्ही भेटायला आल्यासारखे येताय," ती म्हणाली. आमच्याकडे 'भेटायला जाणं' कशाला म्हणतात ते तिला अजून आठवतं, याचं बरं वाटलं.

मी बावीस वर्षं तालुक्याच्या गावी एका आमदारांचा स्वीय सहायक होतो. लोक तोंडावर पीए साहेब म्हणायचे, मागे काय म्हणायचे ते इथे लिहीत नाही. दर सोमवारी सकाळी ऑफिसच्या दारावर कागद चिकटवणं हे माझं पहिलं काम: साहेब या आठवड्यात कुठे, कधी, किती वाजता भेटतील. मग माणसं यायची. कुणाची विजेची डीपी जळालेली, कुणाचं निराधारचं अनुदान चार महिने अडकलेलं, कुणाच्या रेशनकार्डावरून सुनेचं नाव उडालेलं. आवक रजिस्टरमध्ये नोंद, तहसीलदारांना फोन, पुढचा.

16 जून 2016 ला खासदार जो कॉक्स यांच्या हत्येची बातमी टीव्हीवर लागली, तेव्हा मी एकाच वाक्यापाशी अडकलो होतो. बाई आपल्या मतदारसंघातल्या वाचनालयात 'सर्जरी'साठी चालल्या होत्या आणि सोबत त्यांच्या सहायक होत्या. आधी वाटलं, बाईंचं काही ऑपरेशन असेल. मग कळलं की इंग्लंडात डॉक्टरच्या दवाखान्याला सर्जरी म्हणतात, आणि खासदार लोकांची गाऱ्हाणी ऐकायला बसतो त्यालाही सर्जरीच म्हणतात. म्हणजे आमचा सोमवारचा कागद. त्या दिवसापासून हा प्रवास डोक्यात होता. निवृत्ती, गुडघ्याचं दुखणं, व्हिसा यांत बरीच वर्षं गेली.

शनिवारी वेस्टमिन्स्टरचा राजवाडा पर्यटकांना आतून बघता येतो. फाटकाजवळ हवालदार कीथ पामर यांचं स्मारक आहे. 22 मार्च 2017 ला संसदेत घुसू पाहणाऱ्या हल्लेखोराला अडवताना ते मारले गेले. त्यांच्याजवळ बंदूक नव्हती. आत वेस्टमिन्स्टर हॉलचं प्रचंड लाकडी छत बघून मान दुखेपर्यंत थांबलो, पण खरं लक्ष पुढे होतं.

हाउस ऑफ कॉमन्सचं सभागृह टीव्हीवर दिसतं त्यापेक्षा खूप लहान आहे. खासदार 650 आणि बसायला जागा जेमतेम सव्वाचारशे. हिरव्या बाकांवर पर्यटकांनी टेकायचं नाही असा सक्त नियम. माझ्यापुढच्या एका गृहस्थांनी नुसता हात ठेवला तरी मार्गदर्शक बाईंनी नजरेनंच उठवलं. मी भिंतीकडे बघत होतो. लढाईत मेलेल्या खासदारांच्या ढाली आहेत, आणि त्यांच्या बरोबरीनं हत्या झालेल्यांच्या. जो कॉक्स यांची ढाल त्यांच्या दोन लहान मुलांनी आखायला मदत केली. चार गुलाब, दोन लाल, दोन पांढरे: लाल त्यांच्या मजूर पक्षाचे, पांढरे त्यांच्या यॉर्कशर परगण्याचे. रंग हिरवा, जांभळा आणि पांढरा, म्हणजे स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढलेल्या बायांचे. खाली तीनच शब्द, 'मोअर इन कॉमन'. आपल्यात सारखं असलेलंच जास्त आहे, असा त्याचा मराठीत अर्थ लावावा लागेल. 2021 मध्ये हत्या झालेले खासदार डेव्हिड अमेस यांचीही ढाल आहे. त्यांच्या गावी उद्या जायचं होतं.

बाकीच्यांची नावं मी घरून वहीत लिहून नेली होती. एअरी नीव्ह, 30 मार्च 1979, याच इमारतीच्या वाहनतळातून बाहेर पडताना गाडीखालचा बॉम्ब. अँथनी बेरी, 1984, ब्रायटनच्या हॉटेलातला स्फोट. इयन गो, 1990, घराच्या दारात गाडीत बॉम्ब. धमक्या असूनही या माणसानं आपला पत्ता आणि फोन नंबर टेलिफोन डिरेक्टरीतून काढला नव्हता. आणि रॉबर्ट ब्रॅडफर्ड, 1981, बेलफास्टच्या फिनॅगी भागातल्या समाजमंदिरात. तिथे ते काय करत होते? सर्जरी. त्यांच्याबरोबर त्या जागेचा राखणदारही गेला. अशा यादीत राखणदार नेहमी 'बरोबर' येतो.

मारणाऱ्यांची नावं माझ्या वहीत नाहीत. ठरवूनच लिहिली नाहीत. पण 1812 सालच्या एकाविषयी सांगितल्याशिवाय राहवत नाही. 11 मे रोजी पंतप्रधान स्पेन्सर पर्सिव्हल यांना कॉमन्सच्या लॉबीत गोळी घातली गेली. ब्रिटनच्या हत्या झालेल्या पंतप्रधानांत हे एकटेच. मारणारा एक व्यापारी होता. रशियात तुरुंगात पडला होता, सरकारनं भरपाई द्यावी म्हणून वर्षानुवर्षं अर्ज करत होता, आणि प्रत्येक खात्यानं त्याला दुसरीकडे पाठवलं होतं. गोळी झाडून तो बाकावर बसून राहिला. आठवड्याच्या आत त्याला फाशी झाली. अर्ज घेऊन फिरणारा माणूस किती दूर जाऊ शकतो हे मला पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. एका उन्हाळ्यात तीन आठवडे डीपी बदलून न मिळालेल्या शेतकऱ्यानं टेबलावरचा पेपरवेट साहेबांवर भिरकावला होता. साहेब खाली वाकले, मी वाकलो नाही. डाव्या भुवईवर तीन टाके. त्याची डीपी चौथ्या दिवशी बसली आणि तो गूळ घेऊन घरी आला.

संध्याकाळी मुलगी वॉपिंगला घेऊन गेली. टॉवर ब्रिजच्या खालच्या अंगाला नदीकाठी राहत्या बोटी बांधलेल्या असतात, त्यांतल्या एकीवर जो कॉक्स यांचं बिऱ्हाड होतं. हत्येनंतर सहा दिवसांनी, 22 जूनला, त्यांचा बेचाळिसावा वाढदिवस आला. गुलाबांनी भरलेली एक छोटी नाव त्या दिवशी थेम्समधून ओढत संसदेपर्यंत नेली होती. बोटींवर कपडे वाळत होते, एका डेकवर कुंड्यांत टोमॅटो लावलेले. लोकांच्या घरात डोकावल्यासारखं वाटलं, लगेच परत फिरलो.

रविवार, ली-ऑन-सी आणि साउथएंड

फेनचर्च स्ट्रीटवरून गाडी धरली की तासाभरात थेम्सचं मुख दिसायला लागतं. ओहोटी होती. मैलभर चिखल, त्यात कललेल्या होड्या, आणि गाडीच्या खिडकीतूनही खारा वास. जुन्या लीमध्ये कॉकल विकणारी टपरीवजा दुकानं आहेत. कॉकल म्हणजे आपल्या तिसऱ्यांचे चुलतभाऊ. मुलीनं व्हिनेगर घालून खाल्ले. मला कोकणातल्या माणसाशी लग्न केलेल्या बायकोची आठवण आली. म्हणजे माझ्याच, घाटावरची असून तिसऱ्या फार छान करायची.

बेलफेअर्स मेथडिस्ट चर्च स्टेशनपासून बरंच आत, साध्या वस्तीत आहे. आजूबाजूला बागेवाली दुमजली घरं. आपल्याकडची नगरपालिकेची समाजमंदिरं जितकी साधी, तितकंच साधं. 15 ऑक्टोबर 2021, शुक्रवार, दुपारी डेव्हिड अमेस इथे लोकांना भेटत होते. मारेकरी वेळ घेऊन आला होता, म्हणजे यादीत त्याचं नाव होतं. हे वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाही. यादी कुणीतरी केली असेल, नाव विचारलं असेल, काम काय म्हणून विचारलं असेल.

प्रार्थना नुकतीच संपली होती. दारात उभ्या असलेल्या एका वयस्क बाईंनी काही न विचारता "चहा घेणार?" म्हटलं. आम्ही का आलो ते मुलीनं सांगितल्यावर त्यांनी नुसती मान हलवली आणि बिस्किटांची बशी पुढे सरकवली. पाटीचा फोटो काढायला मी आलो नव्हतो. दहा मिनिटं बसलो, कप विसळून ठेवला आणि निघालो.

अमेस यांचं राजकारण माझ्या साहेबांना पटलं नसतं, मलाही सगळं पटत नाही. हुजूर पक्षाचे, ब्रेक्झिटवाले. पण खासदारकी कशाला म्हणतात ते या माणसाला कळलं होतं. 1983 ला बॅसिल्डनमधून निवडून आले. 1992 च्या निवडणुकीच्या रात्री सुरुवातीलाच बॅसिल्डनचा निकाल लागला, अमेस थोडक्यात टिकले आणि हुजूर पक्ष परत येतोय हे देशाला कळलं. 1997 पासून साउथएंड वेस्ट. इतक्या वर्षांत मंत्रिपद नाही. आमच्याकडे अशा माणसाला 'वाया गेला' म्हणतात. त्यांनी मांडलेलं खासगी विधेयक 2000 साली कायदा झालं: घर गरम ठेवणं परवडत नाही म्हणून थंडीत गारठणाऱ्या लोकांसाठी सरकारनं धोरण आखलंच पाहिजे, असा तो कायदा. आणि बाकी सगळा वेळ एकच टुमणं, साउथएंडला शहराचा दर्जा द्या. चर्चा कुठलीही असो, हे उभे राहिले की साउथएंड येणारच. सभागृह हसायचं.

हत्येनंतर तीनच दिवसांनी, 18 ऑक्टोबरला, पंतप्रधानांनी संसदेत जाहीर केलं की राणीनं साउथएंडला शहराचा दर्जा मान्य केलाय. मला हे ऐकताना तेव्हाही चीड आली होती, आजही येते. जिवंतपणी हसण्यावारी न्यायचं आणि मेल्यावर तीन दिवसांत सही करायची, ही रीत सगळ्या देशांत एकच दिसते.

दुपारी साउथएंडचा धक्का बघितला. समुद्रात दोन किलोमीटरहून लांब गेलेला, जगातला सर्वांत लांब सैरसपाट्याचा धक्का. टोकापर्यंत छोटी रेल्वे जाते. त्यातल्या एका गाडीचं नाव 'सर डेव्हिड अमेस'. माझा गुडघा पाहता गाडीनं गेलो. डब्यात पोरं आइस्क्रीम सांडत होती, एक आजोबा कुत्र्याला मांडीवर घेऊन बसले होते, आणि नावाकडे कुणाचंही लक्ष नव्हतं. पुतळ्यापेक्षा हे बरं. पुतळ्याला वर्षातून दोनदा हार, एरवी कावळे.

परतताना मुलीनं विचारलं, "बाबा, तुम्हाला भीती वाटायची का हो?" म्हटलं, गर्दी असली की नाही वाटायची. शेवटचा एकटा माणूस उरला आणि तो बोलत नसला की वाटायची.

सोमवार, लीड्सची गाडी

दिवस प्रवासात गेला. किंग्ज क्रॉस ते लीड्स सव्वादोन तास, बाहेर सपाट शेतं आणि पाऊस.

गाडीत वहीची पुढची पानं वाचून काढली. ती सहायकांची आणि वाचलेल्यांची. 28 जानेवारी 2000 ला चेल्टनहॅममध्ये एक माणूस तलवार घेऊन खासदार नायजेल जोन्स यांच्या सर्जरीत घुसला. मध्ये पडले ते त्यांचे सहायक अँड्र्यू पेनिंग्टन. खासदार वाचले, पेनिंग्टन गेले. वय 39, स्वतः काउंटी कौन्सिलवर निवडून आलेले. मरणोत्तर जॉर्ज पदक मिळालं, शौर्याचं. 2010 च्या मे महिन्यात पूर्व लंडनमध्ये स्टीफन टिम्स यांना हस्तांदोलनाच्या निमित्तानं जवळ येऊन पोटात भोसकलं. ते बरे झाले आणि पुन्हा सर्जरीला बसले. पुन्हा बसले, हे लिहायला दोन शब्द लागतात. माझ्या भुवईला टाके पडल्यावर पुढच्या सोमवारी कागद चिकटवताना माझा हात थरथरत होता, आणि तो तर नुसता पेपरवेट होता.

मंगळवार, बॅटली आणि बर्स्टल

लीड्सहून बॅटली गाडीनं अगदी जवळ. उतरल्याबरोबर चढ. काळवंडलेल्या दगडाच्या जुन्या गिरण्या, त्यांतल्या काहींत आता दुकानं. इथे 1813 च्या सुमारास बेंजामिन लॉ नावाच्या माणसानं चिंध्या पिंजून त्यांतून पुन्हा लोकरीचा धागा काढायची युक्ती शोधली. त्या कापडाला नाव 'शॉडी'. पुढे इंग्रजीत हलक्या मालाला हाच शब्द पडला. हे वाचून मी गाडीतच हसलो होतो, कारण शॉडीचं आजचं मोठं केंद्र आपलं पानिपत. साहेबांच्या वाढदिवसाला दरवर्षी जी ब्लँकेटं वाटायचो ती पानिपतचीच असायची. पावत्या मीच फाइल केल्यात. म्हणजे बॅटलीशी माझा जुना व्यवहार निघाला.

या गिरण्यांत राबायला लोक बाहेरून आले. आयर्लंडहून आले, नंतर पाकिस्तानातून आणि गुजरातेतून. जो कॉक्स यांनी 3 जून 2015 च्या आपल्या पहिल्याच भाषणात गुजरातच्या मुसलमानांचा आणि काश्मीरकडून आलेल्यांचा नाव घेऊन उल्लेख केला होता, आणि त्याच भाषणात ढालीवरच्या शब्दांचं मूळ वाक्य आहे: आपल्याला वेगळं करणाऱ्या गोष्टींपेक्षा आपल्यात सारखं असलेलं कितीतरी जास्त आहे. भाषण मतदारसंघाविषयी आहे, तिथे काय पिकतं, काय बनतं, काय अडतं याविषयी. नवा आमदार पहिल्या भाषणात देशाला दिशा देतो, या बाईंनी गावाचा पत्ता सांगितला.

बाई इथल्याच. वडील लीड्सला टूथपेस्टच्या कारखान्यात, आई शाळेच्या ऑफिसात. सुट्टीत जो यांनीही तिथे टूथपेस्ट भरली. मग केंब्रिज, मग ऑक्सफॅम या मदतसंस्थेतली वर्षं, आणि 2015 ला आपल्याच गावाच्या खासदार. सगळी मिळून खासदारकी तेरा महिन्यांची. तेवढ्यात सीरियातल्या लोकांसाठी दोन्ही बाजूंचे खासदार एकत्र बसवले, आणि एकटेपणावर एक आयोग उभा करायला घेतला. मतदारसंघात दारोदार फिरताना म्हातारी माणसं दिवसेंदिवस कुणाशी न बोलता राहतात हे दिसतंच. आपण ते 'गाऱ्हाणं' म्हणून रजिस्टरला लिहीत नाही. त्यांच्या मृत्यूनंतर तो आयोग इतरांनी पुढे नेला, आणि 2018 च्या जानेवारीत ब्रिटननं एकटेपणाचं काम एका मंत्र्याकडे सोपवलं.

एका गुजराती दुकानात पाण्याची बाटली घेतली. दुकानदार सुरतेच्या बाजूचा. माझं 'केम छो' ऐकून खुलला, मग आम्ही हिंदीवर आलो. "किसके यहाँ आए हो?" मी सांगितलं. तो थोडा वेळ गल्ल्याकडे बघत राहिला. "हमारी एमपी थी," एवढंच म्हणाला आणि बर्स्टलची बस कुठे थांबते ते दाखवायला दुकान सोडून कोपऱ्यापर्यंत आला.

बर्स्टलला स्टेशन नाही, बसनंच जावं लागतं. छोटा चौक, त्यात जोसेफ प्रीस्टली यांचा पुतळा. प्राणवायू शोधणाऱ्यांपैकी एक म्हणून शाळेत पाठ केलेलं नाव, जन्म इथलाच, 1733. शाळेत हे नव्हतं सांगितलं, की 1791 मध्ये बर्मिंगहॅमला जमावानं त्यांचं घर जाळलं होतं. धर्माविषयी त्यांची मतं वेगळी आणि फ्रेंच क्रांतीचं कौतुक, एवढा गुन्हा. तीन वर्षांनी त्यांनी देश सोडला आणि अमेरिकेतच मेले. 2016 च्या त्या गुरुवारनंतर लोकांनी फुलं वाहिली ती याच पुतळ्याच्या पायथ्याशी. जवळची, उंच, सोयीची जागा म्हणून वाहिली असतील. मला मात्र दोघांची गाठ बरोबर पडली असं वाटलं.

वाचनालय तिथून काही पावलांवर. दुपारी एकच्या सुमारास जो कॉक्स गाडीतून उतरल्या. ब्रेक्झिटचं सार्वमत आठवड्यावर आलं होतं, हवा तापलेली होती. मारेकऱ्यानं गोळ्या झाडल्या, भोसकलं. सोबतच्या दोघी पुढे धावल्या तेव्हा जो यांनी त्यांना लांब व्हायला सांगितलं: त्याला मला मारू दे, तुम्हाला नको. ही साक्ष कोर्टात झाली आहे. बर्नार्ड केनी नावाचे 77 वर्षांचे गृहस्थ गाडीत बायकोची वाट बघत बसले होते, ते मध्ये पडले आणि त्यांच्याही पोटात सुरा बसला. केनी हे खाणीतल्या बचाव पथकातले. 1973 ला लॉफ्टहाउसच्या खाणीत पाणी शिरून सात जण अडकले, तेव्हा आत उतरलेल्यांत ते होते. 2017 ला जॉर्ज पदक मिळालं, त्याच वर्षी ते वारले.

मी फुटपाथवर उभा राहिलो. शेवंतीसारखी पिवळी फुलं आणली होती, ती पुतळ्यापाशी ठेवली. मुलीनं "नमस्कार करा की," म्हटलं. भर चौकात संकोच वाटला, पण केला. शेजारच्या बाकावरच्या शाळकरी पोरांनी चिप्स खाणं थांबवून बघितलं आणि परत खायला लागली.

पोटनिवडणुकीला बाकीच्या मोठ्या पक्षांनी उमेदवारच दिले नाहीत. 2021 ला पुन्हा जागा रिकामी झाली तेव्हा जो यांची धाकटी बहीण किम लेडबीटर उभ्या राहिल्या आणि 323 मतांनी निवडून आल्या. पुढे मतदारसंघाची फेररचना झाली, आता त्या स्पेन व्हॅलीच्या खासदार आहेत. घराणेशाही म्हणून मी एरवी नाक मुरडलं असतं. बहीण जिथे पडली त्या गावात, 323 मतांच्या चुरशीत, रोज रस्त्यावर उभं राहणं याला काय म्हणावं ते मला ठरवता आलं नाही. मुलगी म्हणाली, आता बऱ्याच सर्जऱ्या आधी वेळ घेऊनच होतात, जागाही वेळ मिळाल्यावर कळवतात. पटतं. तरी वाईट वाटलं. आमच्याकडे दारावरच्या कागदावर सगळ्यात मोठ्या अक्षरात जागाच लिहायचो.

बसला अजून पंधरा मिनिटं होती. थांब्याजवळच्या दुकानाच्या काचेवर बाहेरून कागद लावले होते: हरवलेलं मांजर, भाड्याची खोली, योगाचे वर्ग. त्यांत एक नगरसेवकांच्या सर्जरीचा होता. वार, वेळ, हॉलचं नाव, आणि खाली एक ओळ. मुलीनं वाचून दाखवली: आधी वेळ घ्यायची गरज नाही, या.

सवयीनं कागद नीट बघितला. अक्षरं बरी होती, तारीख ठळक करायला हवी होती. सेलोटेपचा उजवा कोपरा पावसानं सुटून फडफडत होता. तो अंगठ्यानं दाबला, पुन्हा सुटला. मुलीच्या पर्समध्ये बँडेजची पट्टी निघाली, ती लावून घट्ट बसवला. तेवढ्यात बस आली.